दुहेरी चालीच्या मोटारसायकलीस ब्रेकचे पॅड कोणते घालावेत ?

बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, वशिंडावरून हात फिरवितों, चार पावलें चालवून पाहतों, आणि एवढ्यानेंही मनाचें समाधान झालें नाहीं तर शेजारच्या जाणत्या माणसास बोलावून आणतों. तोच शेतकरी लाख-दीड लाखाची मोटारसायकल घेतल्यावर तिच्या ब्रेकचे पॅड घेण्याची वेळ आली म्हणजे दुकानदारास एवढेंच विचारतो, "स्वस्तांतला कोणता आहे ?" आम्ही स्वतः या रीतीस अपवाद नव्हतों, हें आरंभींच कबूल करून टाकतों, कारण पुढें जें लिहावयाचें आहे त्यांतील बरेंचसें अशाच एका चुकीच्या पोटीं शिकलेलें आहे.

म्हसवडहून पंढरपूरकडे किंवा दहिवडीकडे जाणारा रस्ता डांबरी आहे. परंतु शेत कांहीं डांबरी रस्त्याला लागून नसतें. रस्ता सोडला कीं मुरूम, मुरूम संपला कीं पाणंद, आणि पाणंद संपली कीं वर्षांतील बहुतेक महिने कोरडें असणारें माणगंगेचें पात्र, असा आमचा प्रवास. अशा दोन्ही प्रकारच्या वाटांवर चालावी म्हणून मुद्दाम बनविलेली मोटारसायकल म्हणजे ड्युअल-स्पोर्ट. उंच बांधणी, पुढचें चाक मोठें, खांचांचे टायर व लांब हादरे झेलणारे शॉकअब्सॉर्बर ही तिची ओळख होय. हिरो कंपनीनें २०११ सालीं इम्पल्स या नांवानें अशी गाडी आपल्या देशांत आणली. पुढें २०१६ सालीं रॉयल एनफील्डची हिमालयन आली आणि २०१९ सालीं हिरोचीच एक्सपल्स २०० आली. या जातीच्या गाड्या आतां माणदेशांतील तरुण मंडळींच्या दारांत दिसूं लागल्या आहेत. तथापि ज्यांच्याजवळ साधी शंभर सव्वाशे सीसीची गाडी आहे त्यांनीं हा लेख आपल्यासाठीं नाहीं असें समजूं नये. जी गाडी सकाळीं डेअरीवर दूध नेते, दुपारीं पाणंदीनें पेंड व खत वाहते व सोमवारीं घरच्या माणसांस घेऊन शिंगणापूरचा डोंगर चढते, ती कारखान्यानें कोणत्याहि नांवानें विकलेली असो, तिची चाल दुहेरीच आहे.

आतां ती चूक सांगतों. आमच्या भगिनीचा मुलगा अशी एक गाडी वापरतो. पावसाळ्याच्या तोंडीं पुढच्या ब्रेकचे पॅड झिजले, तेव्हां कंपनीच्या पॅडची किंमत त्याला अधिक वाटली व त्यानें आमचा सल्ला विचारला. आम्हीं आपल्या शहाणपणानें त्याला एका दुकानाचें नांव सांगितलें, कारण तेथें तोच माल जवळ जवळ अर्ध्या किंमतींत मिळतो असें आम्हांस वाटत होतें. पॅड आले, बसविले, आणि महिना-दीड महिना गाडी चांगली चाललीहि. श्रावणांतील एका सोमवारीं तो आईला मागें बसवून शिखर शिंगणापूरहून उतरत होता. तिसऱ्या चौथ्या वळणापासून जळका वास येऊं लागला. त्यानें तो कोणा पुढच्या ट्रकचा असेल असें मानलें. पुढें एका वळणावर ब्रेकचा दांडा दाबतांच खर्र असा आवाज झाला व गाडी थांबेना. मुलगा सावध होता. त्यानें गाडी कडेच्या मुरमांत घातली व ती पडली. त्याला खरचटलें, भगिनीचें मनगट मोडलें, आणि त्या वर्षीं ज्वारीच्या काढणीस तिचा उजवा हात नव्हता.

गाडी घरीं आणल्यावर आम्हीं पॅड काढून पाहिले. एका पॅडचें अर्ध्याहून अधिक अस्तर पाठीच्या पत्र्यापासून खापरीसारखें सुटून गळून पडलें होतें, व उघडा पत्रा डिस्कवर घासून तिच्यावर नांगराच्या तासासारख्या रेघा उठल्या होत्या. पॅडमध्यें जे वाचले होते त्याच्या कितीतरी पट डिस्कला लागले, आणि इस्पितळाचें तर वेगळेंच. दुकानदाराकडे गेलों तेव्हां त्यानें विचारलें, "पावती आहे का ?" ज्या माणसानें उभा जन्म महसूल कचेरींत प्रत्येक पैची पावती फाडली व प्रत्येक अर्जदारास पावती मागितली, त्यानें तेवढ्याच वेळीं ती घेतली नव्हती, व पुतण्या-भाच्यांस घ्यावयास शिकविलीहि नव्हती. असो.

त्यानंतर आम्हीं या विषयाचा थोडा अभ्यास केला, मिस्त्री लोकांस विचारलें, गाड्यांची माहितीपुस्तकें वाचलीं. त्याचें सार वाचकांपुढें ठेवतों.

ब्रेक गाडी थांबवितो असें आपण म्हणतों. वस्तुतः तो गाडीच्या वेगाची उष्णता करतो, व ती उष्णता हवेंत सोडून देतो. ब्रेकचें सर्व बरेंवाईट या एका गोष्टींत आहे. चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी म्हणजे डिस्क; तिला दोन्ही बाजूंनीं चिमट्याप्रमाणें धरणारा कॅलिपर; आणि त्या चिमट्याच्या दोन ओठांशीं बसविलेले दोन पॅड. हाताचा दांडा दाबला म्हणजे नळींतील ब्रेक ऑईल कॅलिपरमधील पिस्टनास ढकलतें व पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. पॅडचा पाठीचा भाग लोखंडी पत्र्याचा असतो व त्यावर घासण्याच्या मसाल्याचें अस्तर चिकटविलेलें असतें.

किती उष्णता होते याचा अंदाज बहुतेकांस नसतो म्हणून एक हिशेब देतों. गाडी, दोन माणसें व सामान मिळून ३०० किलो वजन धरा. एवढें वजन १५० मीटर उंचीचा उतार केवळ ब्रेकवर उतरविलें, तर जी उष्णता निघेल ती ३० अंशांचें सुमारें दीड लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी तीच गाडी एकदां पूर्ण थांबवितांना जेवढी उष्णता होते, तिच्या ही दसपट आहे. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. वेग दुप्पट झाला कीं उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते. म्हणजे ३० च्या वेगांतून थांबण्यास जें पुरलें तें ६० च्या वेगांत पुरेलच असें नाहीं. सपाट रस्त्यावर वर्षभर बरा चाललेला पॅड घाटांत एका दिवसांत खोटा ठरतो, याचें कारण हेंच.

ही विद्या मूळची गाडीवानांचीच आहे हें ऐकून वाचकांस मौज वाटेल. इंग्लंडांत डर्बीशायर परगण्याच्या डोंगराळ भागांत घोडागाड्यांचे गाडीवान उतारावर चाक अडविणाऱ्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचें कातडें लावीत. तें पाहून हर्बर्ट फ्रूड नांवाच्या गृहस्थानें याहून टिकाऊ अस्तर शोधण्याचा उद्योग आरंभिला व १८९७ सालीं फेरोडो ही कंपनी स्थापिली. त्या नांवाचे पॅड आजहि विकले जातात. तबकडीच्या ब्रेकचें पेटंट लॅंचेस्टर या इंग्रज कारागिरानें १९०२ सालीं घेतलें. मोठ्या संख्येनें बनविलेल्या मोटारसायकलींत मात्र तो ब्रेक होंडाच्या सीबी ७५० या गाडीबरोबर १९६९ सालीं आला. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांच्या मागच्या चाकास अजून ड्रम व लायनरच असतात.

अस्तराच्या मसाल्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिल्यास ऑरगॅनिक म्हणतात. त्यांत निरनिराळे तंतू, रबर, ग्रॅफाइट वगैरे जिन्नस राळेसारख्या पदार्थानें बांधून घट्ट केलेले असतात. हा पॅड मऊ असतो. थंडींत, पहाटेच्या वेळीं, दांडा प्रथम दाबतांच तो धरतो, आवाज करीत नाहीं, डिस्क कमी झिजवितो, किंमतहि कमी. त्याचा दोष असा कीं, फार तापला म्हणजे बांधणारी राळ जळूं लागते, तिचा वायू पॅड व डिस्क यांच्यामध्यें सांपडतो, आणि मग दांडा घट्ट असूनहि गाडी पुढें सरकतच राहते. उतारावर येणारा जळका वास तो हाच. तो आला तर ट्रककडे पाहूं नये, आपली गाडी बाजूस घ्यावी. दुसरें असें कीं, ओल्या मुरमाचा चिखल डिस्कवर उडाला म्हणजे हा मऊ मसाला कानशीनें घासावा तसा उडतो. आमच्याकडचा मुरूम काळ्या पाषाणाचा चुरा आहे. नदीपात्रांतील वाळूविषयीं तर बोलावयासच नको.

दुसरा प्रकार सिंटर्ड. तांबें व इतर धातूंची पूड मोठ्या दाबाखालीं तापवून एकजीव केलेली असते. यांत जळावयास राळ नाहीं, म्हणून तो उष्णतेस दबत नाहीं. पाण्यांतून गाडी काढल्यावर लवकर धरूं लागतो. चिखलांत पुष्कळ टिकतो. परंतु तो धातूचा असल्यामुळें डिस्कही जास्त झिजवितो, कांहीं गाड्यांत किंचाळतो, आणि पाठीकडून पिस्टनाकडे उष्णता अधिक पोंचवितो, त्यामुळें ब्रेक ऑईल जुनें असेल तर तें तापण्याचा धोका वाढतो. ज्या डिस्कचें पोलाद सिंटर्ड पॅडसाठीं बनविलेलें नाहीं तिच्यावर तो घालणें म्हणजे सुपारीचा अडकित्ता लोखंडी सळईवर चालविण्यासारखें आहे. आपल्या गाडीस कारखान्यांतून कोणत्या जातीचा पॅड आला होता हें माहितीपुस्तकावरून किंवा कंपनीच्या अधिकृत दुकानांत विचारून आधीं नक्की करावें. सिंटर्ड आला असेल तर सिंटर्ड किंवा ऑरगॅनिक दोन्ही चालतात. ऑरगॅनिक आला असेल तर सिंटर्ड घालण्यापूर्वीं दहादां विचार करावा.

तिसरा सेमी-मेटॅलिक, म्हणजे राळेच्या मसाल्यांतच धातूचे तंतू मिसळलेले. गुणहि मधले व किंमतहि मधली. ज्यांना घाट रोजचा नाहीं पण चिखल व ओझें आहे अशा बहुसंख्य शेतकऱ्यांस हा पुरा पडतो असें आमचें मत झालें आहे.

जुन्या काळच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस घालीत. त्याची धूळ छातींत गेल्यास कॅन्सरसारखे रोग होतात म्हणून युरोपीय संघांत २००५ पासून तें वापरण्यास बंदी आहे. पाकिटावर ॲस्बेस्टॉसविरहित असा शब्द आहे कीं नाहीं तें पहावें, आणि ड्रम उघडल्यावर आंतील धूळ तोंडानें फुंकून उडविण्याची जी मिस्त्रीलोकांची संवय आहे ती आपल्या अंगणांत तरी चालूं देऊं नये. ओल्या फडक्यानें पुसावी.

आतां पत्र्याच्या पाठीवरील अक्षरें. चांगल्या पॅडच्या पाठीवर बहुधा एफएफ, जीजी, एचएच अशी दोन इंग्रजी अक्षरें छापलेली असतात. अमेरिकेंतील वाहन-अभियंत्यांच्या संस्थेनें ठरविलेली ही घर्षणाची प्रतवारी आहे. जमिनीची जिरायत, बागायत, वरकस अशी प्रत लावतात तशीच. पहिलें अक्षर पॅड साधारण तापलेला असतांना त्याची पकड किती हें सांगतें, दुसरें तो खूप तापल्यावर किती उरते तें सांगतें. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, आणि एच म्हणजे ०.५५ च्या वर. म्हणून ज्याचें दुसरें अक्षर पहिल्याहून खालच्या प्रतीचें आहे, तो पॅड घाटांत ढिला पडणार हें दुकानांतच कळतें. आमच्या त्या पॅडवर कोणतेंच अक्षर नव्हतें.

मात्र सर्वांत मोठें अक्षर तें सर्वांत चांगलें, अशी समजूत करून घेऊं नये. डांबरावर टायर जमीन घट्ट धरतो, तेथें तीव्र पकड उपयोगी पडते. सुट्या मुरमावर टायरचीच पकड थोडी. तेथें पुढचा ब्रेक एकदम धरला तर चाक फिरावयाचें थांबतें, घसरतें, व गाडी अंगावर येते. शर्यतीच्या गाडीसाठीं केलेला पॅड पाणंदींत शत्रू ठरतो. ज्याची पकड दांडा दाबावा तसतशी हळूहळू वाढत जाते तोच पॅड दुहेरी चालीस योग्य. पुढें व मागें एकाच जातीचे घालावेत असाही नियम नाहीं. पुढच्या चाकास सिंटर्ड व मागच्यास ऑरगॅनिक अशी जोडी पुष्कळ जाणते चालक पसंत करतात. कारण उतारावर वजन पुढें येतें, मागचें चाक हलकें होतें, व तेथें मऊ पॅड असला म्हणजे चाक सहसा आवळत नाहीं.

कोणी म्हणेल कीं आतां गाडीला एबीएस असतें, मग ही चिंता कशाला ? १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या दुचाकीस एबीएस सक्तीचें झालें, व त्याखालच्या गाड्यांस दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय तरी असावी लागते, हें खरें. परंतु एबीएस चाक आवळूं देत नाहीं एवढेंच. पॅडनें धरलेंच नाहीं तर तें काय करणार? शिवाय एक्सपल्ससारख्या कांहीं गाड्यांना तें फक्त पुढच्या चाकास दिलेलें होतें.

मग निवड कशी करावी ? ज्याची गाडी वस्तीवरून गांवांत व गांवांतून शेतांत एवढीच जाते, वेग चाळिसाच्या आंत असतो, त्यानें कंपनीचा मूळचा पॅड घ्यावा व स्वस्थ असावें. त्यास अधिक खर्चाचें प्रयोजन नाहीं. ज्याला आठवड्यांतून दोन-चारदां मोगराळ्याचा घाट उतरून फलटणास माल न्यावा लागतो, किंवा पावसाळ्यांत रोज ओढा ओलांडावा लागतो, त्यानें डिस्क चालत असल्यास पुढें सिंटर्ड घालावा. दोन्ही कॅन लावून दूध वाहणाऱ्यानें वजनाचा हिशेब आधीं करावा. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले म्हणजे ऐंशी किलोंहून अधिक वजन, म्हणजे मागें एक जाड मनुष्य बसल्यासारखेंच आहे, आणि वर दूध हेलकावे खातें तें निराळें.

खोट्या मालाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. बाहेरच्या कंपनीचा पॅड म्हणजे वाईट असें मुळींच नाहीं. अस्तरें बनविणाऱ्या जुन्या व नांवाजलेल्या कंपन्या आपल्या देशांत आहेत. चेन्नईची राणे त्यांपैकीं एक. इटलीच्या ब्रेम्बो कंपनीची बायब्रे ही शाखा छोट्या मोटारसायकलींचे ब्रेक बनविते, आणि आपल्या छत्रपति संभाजीनगरजवळच्या वाळूजची एन्ड्युरन्स कंपनीहि गाड्यांच्या कारखान्यांस ब्रेकचे भाग पुरविते. वाईट आहे तो अशा नांवांची नक्कल करून विकलेला माल. कायद्यानें २०११ च्या नियमांप्रमाणें बंद पाकिटावर बनविणाऱ्याचें नांव व पत्ता, बनविल्याचा महिना व साल, आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असली पाहिजे. यांतील एक गोष्टही नसेल तर पाकीट परत द्यावें. नंतर पॅड हातांत घ्यावा. अस्तराची कड सर्व बाजूंनीं पत्र्याला घट्ट बसलेली असावी, मध्यें नख शिरूं नये. पत्र्यावर खरें रंगकाम असावें, कापल्याच्या खरबरीत कडा नसाव्यात. पाकिटावरील भाग-क्रमांक आपल्या गाडीच्या पुस्तकांतील क्रमांकाशीं जुळावा. "सगळ्यांना बसतो" असें म्हणणारा दुकानदार कानशीनें पत्रा घासून तो बसवितो, व असा पॅड कॅलिपरमध्यें अडकतो. आणि पावती घ्यावी, तिच्यावर मालाचें नांव व क्रमांक लिहून घ्यावा. पावती असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. वकील लागत नाहीं, व पांच लाखांपर्यंतच्या मालास फीहि पडत नाहीं. पावती नसेल तर आम्हांसारखें हात हलवीत परत यावें लागतें.

पॅड केव्हां बदलावा हें विचारणारे पुष्कळ भेटतात. अस्तरावर एक खांच पाडलेली असते. ती दिसेनाशी झाली कीं आयुष्य संपलें. पुस्तकांत जाडीची मर्यादा दिलेली असते, व ती बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास असते. परंतु आमच्या चिखलाच्या दिवसांत एवढ्यापर्यंत वाट पाहूं नये. पावसाळ्यांत दर पंधरवड्यास टॉर्च लावून कॅलिपरमध्यें पहावें, त्यास दोन मिनिटें लागतात. दोन्ही पॅड नेहमीं एकदमच बदलावेत. एक पुष्कळ झिजला व दुसरा तसाच राहिला असेल तर कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो ते मातीनें धरले आहेत असें समजावें. तें न सुधारतां नवे पॅड घालणें म्हणजे आऱ्यावर गंज चढलेल्या चाकाला नवी धांव बसविणें होय. डिस्कवरही कमीत कमी जाडी ठोकलेली असते. तिच्या खालीं ती झिजली असेल तर तिच्यावर कितीहि चांगला पॅड वायां जातो.

बसवितांना होणाऱ्या चुका थोड्या पण घातक आहेत. पिस्टन मागें ढकलण्यापूर्वीं त्यावरील माती साबणाच्या पाण्यानें धुवून काढावी, नाहींतर ती आंतल्या रबरी कड्यास कापते. तेथें रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल लावूं नये; रबर फुगतें. आमच्याकडे गाडी धुतांना सर्वांगावर डिझेलचा फवारा मारण्याची चाल आहे. गाडी चकचकीत होते, आणि डिस्कवर बसलेलें तें तेल पॅड शोषून घेतो. एकदां तेल प्यालेला पॅड घासून, उन्हांत ठेवून, जाळावर धरून, कशानेंहि पूर्ववत् होत नाहीं. साखळीस तेल देतांना मागच्या डिस्कवर फडकें टाकावें.

पॅड बसविल्यावर गाडी सुरू करण्याआधीं ब्रेकचा दांडा पुनःपुन्हां दाबून घट्ट करून घ्यावा. पिस्टन मागें ढकललेला असतो, त्यामुळें पहिले चार-पांच दाब पोकळ जातात. गॅरेजच्या दारांतून निघून समोरच्या भिंतीवर आदळलेले आम्हीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. त्यापुढील पहिले दीड-दोनशे किलोमीटर नव्या पॅडला सवय लावण्याचे. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगांतून हलकेच ब्रेक लावावा, पूर्ण न थांबतां सोडावा, निवूं द्यावें, पुन्हां लावावा. नवा बैल पहिल्याच दिवशीं मोटेला जुंपीत नसत. तसा नवा पॅड पहिल्याच दिवशीं घाटांत नेऊं नये. सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशीं, मार्गशीर्षाच्या पाडव्यास, गांवांत पाय ठेवावयास जागा नसते. त्याच्या आदल्या रात्रीं पॅड बदलून सकाळीं गर्दींत शिरणारे लोक आहेत.

ब्रेक ऑईल हा शेवटचा व सर्वांत दुर्लक्षित भाग. तें हवेंतील ओल शोषतें. डॉट ४ जातीचें ताजें ऑईल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल शिरल्यावर तेंच १५५ अंशांजवळ उकळूं शकतें. डॉट ३ ला हेच आंकडे २०५ व १४० असे आहेत. ऑईल उकळलें कीं नळींत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून दांडा हँडलला टेकतो व पॅड हलत नाहीं. म्हणून दोन वर्षांनीं तें बदलावें, टोपणावर लिहिलेल्या जातीचेंच घालावें, आणि डॉट ५ हें सिलिकोनचें असल्यानें तें इतरांत मिसळूं नये. उघडी ठेवलेली जुनी बाटली वापरूं नये. तें रंगावर सांडल्यास लगेच पाण्यानें धुवावें.

उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठीं गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची चाल आमच्या भागांत फार आहे. ज्या गिअरमध्यें घाट चढलों त्याच गिअरमध्यें तो उतरावा. इंजिनच अर्धा ब्रेक होतें व पॅडवर फार ताण पडत नाहीं. न्यूट्रलमध्यें उतरून जें पेट्रोल वाचतें त्याची किंमत पॅडच्या झीजेंत परत जाते.

ड्रमच्या लायनरास हेंच नियम थोड्या फरकानें लागतात. चिखल आंत फार शिरत नाहीं. परंतु पाणी शिरलें म्हणजे तें लवकर बाहेर पडत नाहीं, म्हणून ओढा ओलांडल्यावर चालत्या गाडींत पायाचा ब्रेक दोन-चारदां हलका दाबून लायनर सुकवून घ्यावा. ब्रेकच्या दांड्यापाशीं झिजेचा बाण असतो तो पहात जावा.

आमच्या भाच्याच्या गाडीस आतां पुढें सिंटर्ड व मागें मूळचा पॅड आहे. किलोमीटरचा आंकडा व तारीख आम्ही एका वहींत लिहून ठेवतों. माणगंगेच्या वाळूंतून रोज गाडी नेणाऱ्या वाचकांनीं, कोणत्या जातीचा पॅड किती किलोमीटर टिकला, हें संस्थेच्या पत्त्यावर कळविल्यास पुढील एखाद्या अंकांत तीं माहिती एकत्र करून देतां येईल. पत्रांत गाडीचें नांव, पॅडची जात, पाठीवरील अक्षरें व ओझ्याचा अंदाज अवश्य लिहावा.